वेब अ‍ॅप्लिकेशनला फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी: कुणाला, कुठे आणि किती

आपल्या मशीनवर साइट व्यवस्थित चालत असते. सर्व्हरवर चढवली की पहिल्याच फोटो अपलोडला ‘अ‍ॅक्सेस टू द पाथ इज डिनाइड’ असा लाल संदेश येतो. लिनक्सवर तोच ‘परमिशन डिनाइड’ म्हणून येतो. वेळ कमी असतो, म्हणून विंडोजवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिला जातो आणि लिनक्सवर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, मारलं जातं. एरर जाते आणि त्या फोल्डरची आठवणही जाते. पुढे अपलोडच्या फॉर्ममध्ये एखादी फट सापडली, की सर्व्हरवरचं कुठलंही खातं, म्हणजे कुठलाही प्रोग्राम, त्या फोल्डरमध्ये हवं ते ठेवू शकतो. शेजारी दुसऱ्या साइट्स असतील तर त्यांच्या खात्यांनाही तेच दार उघडं असतं.

हे टाळायला वेळ फार लागत नाही. लिहिणारं खातं नेमकं कोणतं हे शोधायचं, त्याला नेमक्या एका फोल्डरवर परवानगी द्यायची आणि त्या फोल्डरमधली कोणतीही फाइल प्रोग्राम म्हणून चालणार नाही याची सोय करायची. यातला पहिला भाग सगळ्यांत जास्त चुकतो, म्हणून त्याच्यावरच आधी सविस्तर.

लिहिणारं खातं शोधा

आपल्या मशीनवर साइट चालते कारण तिथे ती आपल्या स्वतःच्या खात्याने चालते. व्हिज्युअल स्टुडिओतलं आयआयएस एक्सप्रेस (विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरची छोटी आवृत्ती) असो किंवा पीएचपीचा अंगभूत सर्व्हर, लिहिणारे आपणच असतो आणि आपल्या फोल्डरवर आपल्याला सगळे अधिकार असतात. सर्व्हरवर तोच कोड दुसऱ्याच खात्याने चालतो. ब्राउझरमधून कोण लॉगिन झालं आहे याचा फाइल परवानगीशी सहसा संबंध नसतो. साइटचा अ‍ॅडमिन म्हणून आत शिरून पाहिलं तरी एरर तीच राहते, ती यामुळेच.

विंडोजवर हे खातं काळानुसार बदलत गेलं आणि जुने सल्ले वाचताना गोंधळ होतो तो इथेच. विंडोज २००० च्या काळात डॉटनेटचा कोड ‘एएसपीनेट’ नावाच्या खात्याने चालायचा. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आयआयएस ६ आलं, त्याबरोबर अ‍ॅप्लिकेशन पूल (साइट्स वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारे गट) आले आणि खातं झालं ‘नेटवर्क सर्व्हिस’. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मधल्या आयआयएस ७.५ पासून नवीन पूल आपोआप ‘अ‍ॅप्लिकेशनपूलआयडेंटिटी’वर असतो. म्हणजे प्रत्येक पूलला त्याच्याच नावाचं एक आभासी खातं मिळतं. हे खातं वापरकर्त्यांच्या यादीत दिसत नाही आणि त्याला पासवर्डही नसतो. ‘नेटवर्क सर्व्हिसला परवानगी द्या’ हा सल्ला आजच्या सर्व्हरवर पाळला तर एरर तशीच राहते. शिवाय ते खातं इतरही अनेक सेवा वापरत असल्यामुळे दार मात्र विनाकारण रुंद होतं.

खात्री करायची पद्धत अशी. आयआयएस मॅनेजरमध्ये साइट निवडा, उजवीकडे ‘बेसिक सेटिंग्ज’ उघडा आणि पूलचं नाव टिपून घ्या. मग डावीकडच्या ‘अ‍ॅप्लिकेशन पूल्स’मध्ये जाऊन त्या पूलसमोरचा ‘आयडेंटिटी’ स्तंभ पाहा. आणखी पक्कं करायचं असेल तर साइट ब्राउझरमध्ये एकदा उघडा आणि टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये डब्ल्यू३डब्ल्यूपी डॉट ईएक्सई ही प्रोसेस शोधा. तिच्यासमोर खात्याचं नाव असतं.

पीएचपी असेल तर एक पायरी वाढते. आयआयएसवर पीएचपी फास्टसीजीआयमधून, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये, चालतं आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये इम्पर्सोनेशन चालू असेल, तर फाइल उघडताना पूलच्या खात्याऐवजी पाहुण्याचं खातं वापरलं जातं. निनावी पाहुण्यासाठी ते ‘आययूएसआर’ असतं. पूलला परवानगी देऊनही पीएचपी लिहू शकत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. उपाय: साइटच्या ‘ऑथेंटिकेशन’मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस ऑथेंटिकेशन’ निवडून ‘एडिट’ करा आणि ‘स्पेसिफिक यूजर’ऐवजी ‘अ‍ॅप्लिकेशन पूल आयडेंटिटी’ ठेवा. मग दोन्हीकडे एकच खातं राहतं आणि पुढचा हिशोब सोपा होतो.

लिनक्सवर डेबियन आणि उबंटूमध्ये हे खातं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतं, तर रेड हॅट कुळातल्या सिस्टिमवर अपाची ‘अपाची’ नावाच्या खात्याने चालतं. पण पाटी वाचून ठरवू नका. पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी वेगळी सेवा) वापरत असाल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं खातं वेगळं आणि कोड चालवणारं खातं वेगळं असू शकतं. फाइल लिहिणारं खातं एफपीएमच्या पूलच्या कॉन्फिगमधल्या ‘यूजर’ ओळीत असतं. नोड किंवा पायथनचं अ‍ॅप सिस्टिमडी या लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्हिसमधून चालत असेल तर सर्व्हिस फाइलमधली ‘यूजर’ ओळ पाहा. ती ओळच नसेल तर अ‍ॅप रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून चालतंय. अशा वेळी परवानगीची एरर कधीच येणार नाही, आणि तीच खरी काळजीची गोष्ट आहे. आधी वेगळं खातं तयार करून अ‍ॅप त्याच्यावर आणा, मगच पुढे जा.

लिहायचं कुठे, ते ठरवा

अ‍ॅप कुठे कुठे लिहितं याची यादी करा: अपलोड, लॉग, कॅश, सेशनच्या फाइली, तयार होणारे रिपोर्ट. यादी पाच-सहा ओळींच्या पुढे सहसा जात नाही. कोडचं फोल्डर त्यात नसावं. जो प्रोग्राम स्वतःच्या कोडवर लिहू शकतो, त्याच्यातली एक लहानशी चूकही हल्लेखोराच्या हाती पूर्ण साइट देते.

शक्य असेल तर ही फोल्डरं साइटच्या मूळ फोल्डरच्या बाहेर ठेवा, अगदी वेगळ्या ड्राइव्हवरही. बाहेरच्या फोल्डरमधली फाइल थेट वेब पत्त्याने उघडत नाही, ती अ‍ॅपच्या कोडमधूनच द्यावी लागते. त्यामुळे कुणी घातक स्क्रिप्ट चढवली तरी ती तिथे नुसती पडून राहते. नवी साइट चढवताना जुनं फोल्डर पुसलं गेलं आणि लोकांचे फोटोही गेले, हा प्रसंगही टळतो.

डेटाबेसची फाइल असेल तर थांबून विचार करा. एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस लिहिताना मूळ फाइलच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये जर्नलची तात्पुरती फाइल तयार करतो. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस लॉकची फाइल तयार करतं. त्यामुळे नुसत्या डेटाबेस फाइलवर परवानगी देऊन भागत नाही, फोल्डरवरही द्यावी लागते. डेटाबेस वाचता येतो पण नोंद घालताना अडतो, असं दिसलं की पहिला संशय इथे घ्या. आणि म्हणूनच अशा डेटाबेसला त्याचं स्वतंत्र फोल्डर द्या, कोडच्या शेजारी ठेवू नका.

विंडोजवर परवानगी द्यायची रीत

१. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’ टॅब. ‘शेअरिंग’ टॅबचा इथे काही संबंध नाही.

२. ‘एडिट’, मग ‘अ‍ॅड’.

३. ‘लोकेशन्स’ दाबा आणि यादीत सगळ्यांत वर असलेलं त्या सर्व्हरचं स्वतःचं नाव निवडा. सर्व्हर डोमेनमध्ये असेल तर इथे आधीपासून डोमेन निवडलेलं असतं, आणि पूलचं आभासी खातं डोमेनमध्ये नसतंच. ‘नाव सापडलं नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा ही एकच पायरी असते.

४. नावाच्या चौकटीत ‘आयआयएस अ‍ॅपपूल’, त्यानंतर बॅकस्लॅश आणि लगेच पूलचं नाव, हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आयआयएस आणि अ‍ॅपपूल यांच्यामध्ये एक जागा सोडायची, बॅकस्लॅशच्या आजूबाजूला नाही. शोधून यादीतून निवडायला जाऊ नका, हे खातं त्या यादीत येत नाही. हाताने लिहावंच लागतं.

५. ‘चेक नेम्स’ दाबा. नाव बरोबर असेल तर पुढचा भाग गळून फक्त पूलचं नाव अधोरेखित दिसतं. मग ‘ओके’.

६. त्या खात्यासमोर ‘मॉडिफाय’ला खूण करा. ‘रीड’ आणि ‘राइट’च्या खुणा आपोआप येतात. ‘फुल कंट्रोल’ नको.

शेवटच्या पायरीवर ‘मॉडिफाय’च का, हे समजून घ्यायला हवं. ‘फुल कंट्रोल’मध्ये त्यापेक्षा जास्त जे मिळतं ते मुख्यतः परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकार, आणि वेब अ‍ॅपला या दोन्हींची गरज नसते. उलट बाजूने, नुसतं ‘राइट’ पुरेसं वाटतं पण बहुधा अपुरं पडतं. त्यात फाइल पुसण्याचा अधिकार नसतो, आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव बदलायलाही पुसण्याचाच अधिकार लागतो. लॉग ठरावीक आकाराचा झाला की जुन्या फाइलचं नाव बदलून नवी सुरू होते. त्यामुळे ‘राइट’ दिलेला लॉग काही दिवस चालतो आणि मग एका रात्री अचानक अडतो. अशी एरर शोधायला फार वेळ जातो, कारण ‘परवानगी तर दिलेली आहे’ असं आपण धरून चाललेलो असतो.

खूप सर्व्हर असतील तर हेच काम आयकॅकल्स या आज्ञेने होतं: फोल्डरचा पत्ता, ‘ग्रँट’ स्विच, अवतरणात खात्याचं नाव, कोलन, कंसात ओआय, कंसात सीआय आणि शेवटी एम. एम म्हणजे मॉडिफाय. ओआयमुळे परवानगी आतल्या फाइलींना लागते आणि सीआयमुळे उपफोल्डरांना. हे दोन कंस विसरले तर परवानगी त्या एका फोल्डरपुरतीच राहते आणि आत तयार झालेल्या गोष्टींपर्यंत पोहोचत नाही. पॉवरशेलमधून आज्ञा देत असाल तर खातं आणि कंस हे सगळं मिळून एकाच अवतरणात घाला, नाहीतर पॉवरशेल त्या कंसांचा वेगळा अर्थ लावतं.

परवानगी बदलल्यावर साइट रीस्टार्ट करावी लागत नाही, कारण फाइल उघडताना दर वेळी ती तपासली जाते. खातं एखाद्या गटात नव्याने घातलं असेल तर मात्र पूल रिसायकल करावा लागतो, कारण गटांची यादी प्रोसेस सुरू होतानाच घेतली जाते. गटांचा विषय निघालाच आहे तर: ‘आयआयएस_आययूएसआरएस’ या गटाला लिहिण्याची परवानगी देणं टाळा. सर्व्हरवरचे सगळे पूल त्या गटात येतात, आणि प्रत्येक साइटला वेगळं खातं देऊन मिळवलेला अलगपणा एका खुणेने वाया जातो.

पूलचं नाव पुढे बदललंत तर परवानगी तुटते. आभासी खात्याचा ओळख क्रमांक पूलच्या नावावरूनच तयार होतो. त्यामुळे सिक्युरिटीच्या यादीत एस-१-५-८२ ने सुरू होणारा लांबलचक आकडा नुसताच दिसत असेल, तर तो बहुधा पुसलेल्या किंवा नाव बदललेल्या पूलचा उरलेला अंश असतो. तो काढून टाका. याचा फायदाही आहे: त्याच नावाचा पूल पुन्हा तयार केला तर जुन्या परवानग्या तशाच लागू होतात.

परवानगी दिली तरी अडतंय?

एक सापळा फार फसवा आहे. एनटीएफएसवर फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, पण त्याच ड्राइव्हवर हलवली तर जुन्या ठिकाणच्या परवानग्या सोबत घेऊन येते. पीएचपी अपलोड आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि मग हलवतं. परिणाम असा की फाइल अपलोड होते, जागेवर दिसते, पण पाहुण्याला उघडत नाही. अपलोडचं फोल्डर पुन्हा पुन्हा तपासून काही सापडत नाही, कारण चूक तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते. पीएचपीला त्या साइटपुरतं वेगळं तात्पुरतं फोल्डर द्या आणि त्यावर अपलोडच्या फोल्डरसारख्याच परवानग्या लावा.

फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’च्या चौकटीत भरलेला चौकोन दिसतो, त्याकडे दुर्लक्ष करा. फोल्डरवर लिहिता येणं त्यावरून ठरत नाही. फाइलवरची ‘रीड-ओन्ली’ खूण मात्र खरी असते आणि ‘मॉडिफाय’ असूनही लिहू देत नाही.

फोल्डर दुसऱ्या सर्व्हरवर शेअर केलेलं असेल तर पूलचं आभासी खातं तिकडे ओळखलं जात नाही. नेटवर्कवर ते सर्व्हरच्या मशीन खात्याने जातं, म्हणजे डोमेन, बॅकस्लॅश, मशीनचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. त्या खात्याला शेअरवर आणि फोल्डरवर अशा दोन्ही ठिकाणी परवानगी लागते, आणि दोन्हींपैकी जी कमी असेल तीच चालते.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर अंदाज बांधत बसू नका, प्रोसेस मॉनिटर चालवा. मायक्रोसॉफ्टचं हे साधन फुकट आहे. प्रोसेसचं नाव डब्ल्यू३डब्ल्यूपी डॉट ईएक्सई (पीएचपीसाठी पीएचपी-सीजीआय डॉट ईएक्सई) आणि निकाल ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असे दोन फिल्टर लावा आणि साइटवर तीच क्रिया पुन्हा करा. नेमका कोणता पत्ता अडला हे समोर येतं, आणि दुसरंच खातं वापरलं जात असेल तर तपशिलात ‘इम्पर्सोनेटिंग’ पुढे त्याचं नावही दिसतं. पुष्कळदा अडलेला पत्ता आपल्याला वाटत होता तो नसतोच.

लिनक्सवर

इथे फोल्डरवरच्या तीन अक्षरांचा अर्थ पक्का हवा. आर म्हणजे आतल्या नावांची यादी पाहता येणं. डब्ल्यू म्हणजे आत फाइल तयार करता, पुसता आणि तिचं नाव बदलता येणं. एक्स म्हणजे फोल्डरमधून पुढे जाता येणं. यातून दोन गोष्टी निघतात. फाइलवर लिहिण्याची परवानगी नसली तरी फोल्डरवर डब्ल्यू आणि एक्स असेल तर ती फाइल पुसता येते. आणि वरच्या एका जरी फोल्डरवर एक्स नसेल तर खालची सगळी परवानगी व्यर्थ. साइट कुणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली असते तेव्हा हे हमखास होतं. नेमआय ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह चालवली की मुळापासून प्रत्येक पायरीचे मालक आणि परवानग्या एकाखाली एक दिसतात.

मांडणी मी अशी ठेवतो: कोडचा मालक कोड चढवणारं खातं, गट वेब अ‍ॅपचा, फोल्डरांना ७५० आणि फाइलींना ६४० (क्रमाने मालक, गट आणि इतर; प्रत्येक आकडा म्हणजे आर ४, डब्ल्यू २, एक्स १ यांची बेरीज). म्हणजे अ‍ॅप कोड वाचतं पण बदलू शकत नाही. यादीतल्या लिहायच्या फोल्डरांना २७७०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीला फोल्डरचाच गट मिळतो. मात्र युमास्क (नव्या फाइलीच्या कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) ०२२ असेल तर नव्या फाइलीवर गटाला लिहिता येत नाही, आणि दोन खाती एकाच फोल्डरमध्ये लिहीत असतील तर एकाची फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. अशा वेळी सेटएफएसीएल या आज्ञेने फोल्डरवर डिफॉल्ट नियम लावून टाका, मग युमास्कचा प्रश्न उरत नाही.

परवानगी बदलणारी सीएचमॉड आज्ञा आत खोलवर लावताना एकच आकडा सगळ्यांना देऊ नका. ७५५ दिला की प्रत्येक फोटोही चालवण्याजोगा होतो. अक्षरांनी परवानगी देताना मोठा एक्स वापरा. तो फोल्डरांना आणि आधीच चालवण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच लागतो.

रेड हॅट कुळात मालक, गट, आकडे सगळं बरोबर असूनही नकार येतो, तेव्हा एसईलिनक्स, म्हणजे लेबलांवर चालणारा सुरक्षेचा वेगळा थर, पाहा. एलएस आज्ञेला मोठा झेड जोडला की फोल्डरचं लेबल दिसतं. वाचायच्या फाइलींचं लेबल ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’ आणि लिहायच्या फोल्डरचं ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’. नियम सेमॅनेज आज्ञेने नोंदवा आणि रिस्टोरकॉन आज्ञेने लागू करा. सीएचकॉनने थेट लावलेलं लेबल पुढच्या वेळी लेबलं नव्याने बसवली की जातं. होम फोल्डरमधून एमव्हीने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते, अगदी एनटीएफएसवरच्या हलवण्यासारखंच. एसईलिनक्स बंद करून प्रश्न सोडवू नका.

सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टिम’ (फाइल सिस्टिमवर लिहिणं रोखणारी सेटिंग) कडक असेल तर एरर वेगळी येते: ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. ती दिसली की सीएचमॉडकडे वळूच नका, सर्व्हिस फाइलमधल्या ‘रीडराइटपाथ्स’मध्ये फोल्डरचा पत्ता घाला.

लिहायच्या फोल्डरमधून काही चालू देऊ नका

फोल्डर साइटच्या आतच ठेवावं लागत असेल तर ही पायरी अजिबात सोडू नका. आयआयएसमध्ये फोल्डर निवडून ‘हँडलर मॅपिंग्ज’ उघडा, उजवीकडे ‘एडिट फीचर परमिशन्स’ आणि तिथली ‘स्क्रिप्ट’ची खूण काढा. मात्र यात एक गोम आहे. ही सेटिंग त्याच फोल्डरमधल्या वेब डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत लिहिली जाते, आणि त्या फोल्डरवर तर आपण अ‍ॅपला लिहायची परवानगी दिलेली आहे. कुणी त्याच नावाची फाइल अपलोड करू शकला तर बंदी पुसली जाईल. म्हणून ती साइटच्या मूळ वेब डॉट कॉन्फिगमध्ये ‘लोकेशन’ टॅगखाली त्या फोल्डरच्या नावाने लिहा, त्या टॅगमध्ये ‘ओव्हरराइडमोड’ला ‘डिनाय’ द्या म्हणजे आतल्या फाइलीने ती बदलता येणार नाही, आणि अपलोडच्या कोडमध्ये फाइलचं नाव पाहुण्याकडून घेण्याऐवजी स्वतः तयार करा.

अपाचीवर हाच धोका फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलीचा, म्हणजे डॉट-एचटीअ‍ॅक्सेसचा आहे. त्या फोल्डरसाठी मुख्य कॉन्फिगमध्ये ‘अलाउओव्हरराइड नन’ ठेवा आणि पीएचपीही तिथूनच बंद करा.

तपासणी

लिनक्सवर सुडोने त्या खात्याच्या नावाने टच आज्ञा चालवून फाइल तयार होते का पाहा. पण ही तपासणी एसईलिनक्स आणि सिस्टिमडीचे निर्बंध पकडत नाही, ते चालू सर्व्हिसलाच लागतात. विंडोजवर आभासी खात्याने लॉगिन करता येत नाही. म्हणून दोन्हीकडे एक छोटं पान लिहावं: फाइल तयार कर, तिच्यात भर घाल, नाव बदल, पुसून टाक. चारही क्रिया हव्यात, कारण लॉगच्या बाबतीत पाहिलं तसं पहिली होऊन तिसरी अडू शकते. त्याच पानात कोडच्या फोल्डरमध्ये लिहून पाहा. तिथे एरर आली पाहिजे. काम झालं की पान सर्व्हरवरून काढा.

जुन्या सर्व्हरवर आधीच ‘एव्हरीवन’ किंवा ७७७ देऊन ठेवलं असेल तर सफाई एकदम करू नका. विंडोजवर आयकॅकल्सच्या ‘सेव्ह’ स्विचने सध्याच्या परवानग्या फाइलीत साठवा, लिनक्सवर गेटएफएसीएल मोठ्या ‘आर’ पर्यायासह चालवून तेच करा. साइटच्या फोल्डरमध्ये फाइंड आज्ञेला ‘पर्म’ पर्यायासोबत उणे ०००२ दिलं, की सगळ्यांना लिहिता येणाऱ्या जागा समोर येतात. मग एका वेळी एक फोल्डर घ्या. आधी योग्य खात्याला परवानगी द्या, त्यानंतर सर्वांची काढा आणि महिनाअखेरीचे रिपोर्ट किंवा रात्रीची कामं होऊन जाईपर्यंत लॉगवर लक्ष ठेवा. कोणतं फोल्डर, कोणतं खातं आणि लिहायची गरज कशासाठी, ही एक ओळ प्रत्येक बदलासोबत नोंदवून ठेवा. सर्व्हर बदलायची वेळ येईल तेव्हा तीच यादी नव्या मशीनवर लावायची आहे.